घरात वायफाय पोचत नाही? कोल्हापूरच्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं

मंगळवार पेठेतलं आमचं घर गल्लीतून पाहिलं तर जेमतेम बारा फुटांचं. आत शिरलं की सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं, असं लांबच लांब. फायबरची वायर खांबावरून आली, चौकटीवरून सोप्यात उतरली आणि राउटर तिथेच खिळ्याला टांगला गेला. सोप्यात नेट पळायचं. आई मात्र स्वयंपाकघरातून मावशीला व्हिडिओ कॉल लावायची आणि मावशीचा चेहरा अर्ध्या वाक्यात अडकून बसायचा. ते दुरुस्त करताना बरंच शिकलो. मग शेजाऱ्यांची, पाहुण्यांची घरं झाली. त्यात पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, तरी आतल्या खोलीत नेट अडकतं. मोठा प्लॅन घेऊ का?

आत्ताच नको. आधी दहा मिनिटं काढून एक तपासणी करा. मोबाईल घेऊन राउटरपासून दोन हातांवर उभे राहा आणि स्पीड टेस्ट लावा. मग जिथे त्रास होतो तिथे जाऊन तीच टेस्ट पुन्हा लावा. राउटरजवळ ९० आणि स्वयंपाकघरात ४ आलं, तर तुमच्या घरापर्यंत नेट व्यवस्थित येतंय; अडतंय ते राउटर आणि मोबाईल यांच्यामध्ये. अशा घरात ३०० चा प्लॅन घेतलात तरी स्वयंपाकघरात ४ च येणार. दर महिन्याला जास्तीचे पैसे जातील आणि तक्रार तशीच राहील.

राउटरजवळही ५-१० च येत असेल, तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून बघा. तरीही कमीच आलं, तर मात्र नेट देणाऱ्याला फोन करा. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल, तर फायबर कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. तिथे वायफायचा काही संबंध नाही, राउटर दहा वेळा बंद-चालू करूनही उपयोग होत नाही.

किती वेग लागतो याचाही अंदाज ठेवा. साध्या एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात, ४के ला १५ ते २५. चार माणसांच्या घराला १०० सहसा भरपूर होतात, फक्त ते शेवटच्या खोलीपर्यंत पोचायला हवेत.

रेंज मोजायची कशी? काड्या तर पूर्ण दिसतात.

काड्यांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक मोबाईल त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट ॲप घ्या. त्यात रेंज उणे आकड्यांत दिसते, एकक डीबीएम. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तरी हा आकडा दिसतो.

शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७० च्या पुढे कुरकुर सुरू होते आणि उणे ८० ला जोडलेलं दिसतं, पण पान उघडत नाही. ही मोजपट्टी सरळ नाही. १० चा फरक म्हणजे ताकद दहापट कमी, ३ चा फरक म्हणजे साधारण निम्मी. म्हणून उणे ६० वरून उणे ७० ला गेलो तर 'थोडंच कमी झालं' असं समजू नये.

एका कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत मोजलेला आकडा लिहा. पुढचे सगळे निर्णय या कागदावरून घ्यायचे आहेत.

भिंतीत नेमकं काय होतं?

वायफायची लहर भिंतीत शिरते तेव्हा तिची काही ताकद भिंत खाते आणि काही परत फिरवते. किती खाते, ते भिंत कशाची आणि किती जाड यावर ठरतं. चार इंची विटेची भिंत फारशी त्रास देत नाही. जुन्या वाड्याची काळ्या दगडाची दोन फुटी भिंत मात्र जवळजवळ सगळं गिळते. मातीच्या भेंड्यांची जाड भिंतही कमी नाही, त्यात पावसाळ्यात ती ओल धरते आणि पाणी वायफायचा मोठा शत्रू आहे. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्याची घरं आहेत, तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये हाच अनुभव येतो.

सहज लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे तिरकेपणा. राउटर भिंतीला लागून असेल आणि मोबाईल पलीकडच्या खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात असेल, तर लहर भिंतीतून तिरकी जाते. दोन फुटी भिंत बरीच तिरकी ओलांडायची झाली की ती चार फुटांची होते. कधीकधी राउटर नुसता चार फूट सरकवून दारासमोर आणला की फरक पडतो. लहरींना उघडं दार ही फुकटची वाट आहे.

आणि धातू. धातूतून वायफाय जातच नाही. लोखंडी कपाट, तिजोरी, आरशामागचा धातूचा थर, फ्रिज हे सगळे अडथळेच. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात आणखी एक असतो, तो म्हणजे स्टीलच्या डब्यांनी आणि पितळेच्या घागरींनी भरलेली मांडणी. राउटर सोप्यात, मध्ये मांडणी आणि ओटा तिच्या पलीकडे, अशी रचना असेल तर ओट्यापाशी रेंज न येण्यात नवल नाही.

मग राउटर ठेवायचा कुठे?

घराच्या मध्याजवळ, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर. आमच्या घरात हे माजघर होतं. कपाटात नको, टीव्हीच्या मागे नको, फ्रिजवर नको. देवघराच्या फळीवर ठेवला तरी चालतो, फक्त मागे लोखंडी कपाट आणि शेजारी समईची ऊब नको.

सगळ्यात मोठी चूक जोडणीच्या दिवशीच होते. वायर टाकायला आलेला माणूस घाईत असतो. रस्त्याकडच्या पहिल्या भिंतीवर डबा ठोकतो आणि जातो, आपणही काही बोलत नाही. त्या दिवशी त्याला स्पष्ट सांगा, "डबा माजघरात हवाय, फायबर तिथपर्यंत घ्या." फायबर बारीक असते, दाराच्या वरून पट्टीतून सहज जाते. पंधरा-वीस फूट जादा फायबरला थोडे पैसे मागितले तरी द्या, कारण याच्याइतका स्वस्त उपाय पुढे मिळत नाही. काटकोनात मात्र वाकवू देऊ नका, आत काच असते. वळण वाटीच्या कडेसारखं गोल हवं.

जोडणी आधीच झाली असेल तरी डबा हलवून मिळतो, विचारून बघा.

अँटेना उभ्या ठेवायच्या की आडव्या?

काडीसारख्या अँटेनातून लहर तिच्या चारी बाजूंना पसरते, टोकाच्या दिशेला सर्वांत कमी. म्हणून उभी अँटेना त्याच मजल्यावर चांगली पसरवते आणि बरोबर डोक्यावरच्या खोलीला कमी देते. एकाच मजल्याचं घर असेल तर सगळ्या उभ्या ठेवा. माडीवर पोचवायचं असेल तर एक आडवी करून बघा.

दुकानदार सहा अँटेनांचा 'हाय पॉवर' राउटर सुचवतोय. घेऊ?

यात मी स्वतः पैसे घालवले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं. राउटर मोठ्याने ओरडला तर त्याचा आवाज परड्यापर्यंत जाईल. पण मोबाईल छोट्या बॅटरीवर चालतो, त्याचा आवाज बारीक असतो. त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचलं नाही तर बोलणं तुटतं. काड्या पूर्ण दिसतात आणि नेट चालत नाही, त्याचं एक कारण हेच. जुना राउटर बदलून वायफाय ६ चा घेतला तर जास्त उपकरणं एकाच वेळी नीट सांभाळली जातात, हे खरं. पण दोन फुटी दगडी भिंत त्यालाही तितकीच जाड असते.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये कुठलं वापरू?

दोन्ही. राउटर या दोन पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, बोलतो. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून जास्त टिकते, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. आखूड लहर वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमते. राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा, लांब २.४.

बरेच स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे, वायफायचे प्लग आणि जुने प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल आणि असं उपकरण जोडणी घेत नसेल, तर जोडताना थोडा वेळ ५ बंद करा.

आम्ही राजारामपुरीत अपार्टमेंटमध्ये राहतो. भिंती साध्या आहेत, रेंज उणे ५५ आहे, तरी रात्री नेट रडतं. का?

शेजाऱ्यांमुळे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. प्रत्येक पट्ट्यात राउटरना बोलायला वेगवेगळ्या वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. २.४ मध्ये चॅनेलला आकडे बरेच आहेत, पण एकमेकांवर न चढणारे नेहमीचे तीनच: १, ६ आणि ११. रात्री नऊला बिल्डिंगमधले सगळे टीव्ही चालू झाले की एकाच चॅनेलवरचे सगळे राउटर पाळी लावून बोलतात. ॲनालायझर ॲपमध्ये कुठल्या चॅनेलवर किती गर्दी आहे ते दिसतं. १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. 'दोघांच्या मधला ३ घेतो' असं करू नका, त्याने दोन्हीकडचा त्रास अंगावर येतो.

फ्लॅटमध्ये खरा उपाय ५ गिगाहर्ट्झ. शेजाऱ्याचं ५ भिंतीत दमतं, ते इथे आपल्या फायद्याचं. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला मोकळा चॅनेल बघा. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ वरचं नेट अडखळत असेल, तर तोही याच पट्ट्यात गडबड करतो. अशा वेळीही मोबाईल ५ वर न्या.

रिपीटर लावला तर प्रश्न मिटेल ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. रिपीटर ऐकलेलं पुन्हा बोलतो, नवीन काही आणत नाही. तो स्वयंपाकघरात, जिथे रेंज मेलेली आहे तिथे लावला, तर मोबाईलवर काड्या पूर्ण दिसतील आणि वेग तोच राहील. आम्ही आधी हेच केलं होतं. एका दुकानात "मागच्या खोलीत लावा" असं सांगितलं आणि आम्ही लावला. आई महिनाभर समजत होती की बिघाड मावशीच्या फोनमध्ये आहे.

लावायचाच असेल तर मध्यावर, जिथे राउटरची रेंज उणे ६५ च्या आत आहे तिथे लावा. आणि हे धरून चला की साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यापर्यंत खाली येतो. दोन बँडचा रिपीटर असेल तर एका बँडवर राउटरशी आणि दुसऱ्यावर मोबाईलशी बोलू शकतो, तेवढं बरं. एखादी खोली, मोबाईलवर व्हॉट्सॲप आणि पेपर वाचणं, इतक्यासाठी तो पुरतो. मुलांच्या ऑनलाइन क्लाससाठी किंवा घरून नोकरी करणाऱ्यासाठी मी सुचवत नाही.

आणि मेश?

रिपीटरपेक्षा कितीतरी चांगलं. दोन-तीन डबे एका नावाने काम करतात आणि चालत चालत खोल्या बदलल्या तरी कॉल सहसा तुटत नाही. पण डब्यांमध्ये दगडी भिंत आली तर तेही आपसात नीट बोलू शकत नाहीत. मेश घेतलंत तर दुसरा डबा रेंज नसलेल्या खोलीत न ठेवता तिच्या अलीकडे ठेवा. शक्य असेल तर डबे लॅन केबलने जोडा, बहुतेक मेशमध्ये ती सोय असते. ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीतल्या ऐसपैस बंगल्यांना केबलने जोडलेलं मेश फार छान बसतं.

तुम्ही स्वतः काय केलंत?

केबल ओढली. माझं ठाम मत आहे की जाड भिंतीच्या घराला याशिवाय दुसरा कायमचा उपाय नाही. भिंतीतून लहर जात नसेल तर तार जाईल. सोप्यातून आढ्याच्या कडेने पट्टीत घालून लॅन केबल स्वयंपाकघरापर्यंत नेली आणि तिथे एक जुना राउटर जोडला. शनिवारी दुपारी काम सुरू केलं आणि चहाच्या वेळेपर्यंत संपलं. ओट्यापाशी २ एमबीपीएस यायचे, ते ८५ झाले.

केबल घेताना तीन गोष्टी पाहा. कॅट-६ किंवा कॅट-५ई प्रकारची घ्या. दोन्हींवर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (१००० एमबीपीएस) जातो. तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ती स्वस्त असते, पण टोकं लवकर तुटतात आणि लांबीवर वेग पडतो. चाकूने तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. तिसरं, लाइटच्या वायरच्या पाइपातून ती ओढू नका. सुरक्षेच्या दृष्टीने ते चूक आहेच, शिवाय सिग्नलमध्ये खरखर येते.

टोकाला आठही तारा जोडल्या आहेत ना ते बघा. चारच जोडल्या तर वेग १०० च्या वर जात नाही. राउटरची सॉकेटं जुनी असतील तरी हीच मर्यादा येते.

जुना राउटर पडून आहे. तो दुसऱ्या टोकाला कसा जोडायचा?

नवीन काही घेण्याआधी हे नक्की करा. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर असं करा.

जुना राउटर लॅपटॉपला एकटाच जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये जा. मुख्य राउटरचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य राउटर हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं त्याच्या यादीत बघा. मग जुन्यातलं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय, बंद करा. हे विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतील आणि कधी हा मोबाईल चालेल, कधी तो. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. मुख्य १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर. शेवटी केबल मुख्य राउटरच्या लॅन सॉकेटमधून जुन्याच्या लॅन सॉकेटमध्ये घाला. 'वॅन' लिहिलेल्या, बहुतेकदा वेगळ्या रंगाच्या सॉकेटमध्ये नको.

कधीकधी मोबाईल सोप्यातल्या राउटरला चिकटून राहतो आणि स्वयंपाकघरात गेलं तरी सोडत नाही. दोन्हींची ताकद सेटिंगमधून थोडी कमी केली की तो वेळेवर सुटतो.

गच्चीवर पत्र्याची खोली आहे. तिथे काहीच येत नाही.

खाली सळ्यांचा स्लॅब, वर पत्रा. जिन्यातून केबल वर न्या, दुसरा इलाज शोधण्यात वेळ घालवू नका. केबलचा जो भाग उन्हात राहणार त्यासाठी बाहेर टाकायची काळ्या आवरणाची केबल घ्या. घरातली केबल दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते.

मळ्यातल्या घरापर्यंत वायफाय नेता येईल का? गावातल्या घरापासून अर्धा किलोमीटर आहे.

येतं. दोन्हीकडे दिशा धरणारे बाहेरचे वायफाय डिश लावतात. दोन्ही एकमेकांना दिसले पाहिजेत, ही एकच मोठी अट. आणि इथे करवीर-शिरोळकडची बरीच कामं फसतात. ऊसतोड झाल्यावर, मार्चमध्ये, रान मोकळं असताना डिश बसवतात. सगळं झकास चालतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊस दहा फुटांवर जातो आणि जोडणी मरते. हिरवा ऊस म्हणजे उभं पाणी.

नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही. ५ गिगाहर्ट्झवर अर्ध्या किलोमीटरच्या मध्यावर त्या रेषेच्या खाली-वर अडीच मीटरच्या आसपास जागा मोकळी असावी. म्हणजे ऊस सर्वांत उंच असताना त्याच्या शेंड्यापासून आठ फूट वर रेषा धरून खांब ठरवा. १०० मीटरच्या पुढे तांब्याची लॅन केबल चालत नाही. मळा आपलाच असेल आणि चर खणता येत असेल तर फायबर टाका, उसाची काळजीच मिटते.

वळवाच्या पावसात दोनदा राउटर जळला. काय करू?

एप्रिल-मेमध्ये ढग भरून आले की राउटरचा आणि फायबरच्या डब्याचा, दोन्ही अडॅप्टर भिंतीतून काढा. बटण बंद करणं पुरत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, ती येते लाइटच्या लाइनमधून आणि बाहेरून नेलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून. म्हणून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाताना तांबं टाळा, फायबर वापरा. पंचगंगेच्या पुराचं पाणी येणाऱ्या गल्ल्यांत २०१९ आणि २०२१ ला तळमजल्यावरचे डबे बुडाले. तिथे डबा माडीवर नेलेलाच बरा.

लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टरवर टाकूनही जातं.

इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर वीज तुटते आणि राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. अडॅप्टरवरचे आकडे बघून घ्या: व्होल्ट तंतोतंत तेच, बहुतेकदा १२, अँपिअर तितके किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरलं जातं.

दोन्ही चालू असूनही नेट जात असेल, तर गल्लीतल्या खांबावर किंवा कुणाच्या जिन्यात नेट देणाऱ्याचा विजेवर चालणारा स्विच असेल आणि तो बंद पडत असेल. थेट घरापर्यंत फायबर असेल तर वाटेत सहसा विजेची गरज नसते. नवीन जोडणी घेताना हे विचारून घ्या.

राउटर झोपायच्या खोलीत ठेवला तर मुलांना त्रास होईल का?

वायफायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींचे रेणू तोडणाऱ्या नसतात, आणि राउटरची ताकद बहुधा वॅटच्या काही दशांशांतच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, म्हणजे पुरावा मर्यादित आहे, पक्का नाही. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौपट कमी होते. उशाशी ठेवायची गरज नाही, खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर ठेवा.

भाड्याची खोली आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही.

चपटी लॅन केबल मिळते. ती दाराच्या खालच्या फटीतून आणि भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने जाते, जाताना काढून नेता येते. विद्यापीठाच्या बाजूला खोल्या करून राहणाऱ्या बऱ्याच मुलांना हेच करून दिलंय.

पाचगावला घर बांधतोय. आत्ता काय करून ठेवू?

प्लास्टरच्या आधी प्रत्येक खोलीत लॅनसाठी वेगळा पाइप टाकून घ्या, निदान एक इंची. लाइटच्या पाइपापासून तो हातभर लांब. सगळे पाइप एका ठिकाणी, जिन्याखाली किंवा हॉलच्या मधल्या भिंतीत, एकत्र आणा आणि बाहेरच्या खांबापासून तिथपर्यंत फायबरसाठी एक रिकामा पाइप ठेवा. टीव्हीच्या मागे दोन पॉइंट, प्रत्येक मजल्याच्या मधल्या छताला एक. केबल आज टाकली नाहीत तरी चालेल, पण पाइपात ओढायची तार आत्ताच सोडून ठेवा आणि पाइपांचे फोटो मोबाईलमध्ये जपा.